कॅम्पर व्हॅनमधला (राहायची सोय असलेल्या गाडीतला) गीझर गळतोय? आधी थेंब कुठून येतो ते बघा

भाऊ, टाकी फुटली म्हणून लगेच नवी मागवू नका. आधी लाइट आणि गॅस दोन्ही बंद करा, पंप बंद करा आणि पाणी गार होऊ द्या. गरम असताना टाकीतलं पाणी काढायचा प्लग उघडलात तर हात भाजलाच समजा. मग सगळे जोड फडक्याने कोरडे करून खाली वर्तमानपत्र अंथरा. ओला डाग कुठे पडतो, तिथूनच सुगावा लागतो.

पाणी फक्त तापतानाच टपकत असेल, तर बहुधा प्रेशर व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी सोडणारी झडप) आपलं काम करतोय. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं की सुमारे 300 मिली फुगतं. ते मावायला टाकीत वर हवेची जागा लागते, आणि ती हळूहळू संपते. पाणी गार झाल्यावर, पंप बंद ठेवूनच, गरम पाण्याचा नळ उघडा, व्हॉल्व्हची दांडी वर करा, धार थांबली की सोडा. हवा परत भरते. व्हॉल्व्हला बूच मात्र कधीच मारू नका, टाकी बॉम्बसारखी फुटू शकते.

गार असतानाही व्हॉल्व्ह टपकतोय? मग बहुधा आत झडप जिथे टेकते तिथे क्षार बसलाय. मी वर्धा रोडच्या एका बोअरचं पाणी भरून पेंचला गेलो होतो, व्हॉल्व्हच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर! दांडी दोन-तीनदा उघडझाप केली तरी थांबेना, शेवटी तेवढ्याच दाबाचा नवा व्हॉल्व्ह टाकला.

जोड गळत असेल तर टेफ्लॉन टेप लावा. पण फोमच्या आवरणातूनच पाणी झिरपत असेल, तर टाकीच गेली. तिथे एम-सील वगैरे काही टिकत नाही.