गरम इंजिन सुरू होत नाही? आधी पेट्रोलच्या दाबाचं गेज लावा

तुमच्या १९७६ च्या जीएमसी मोटरहोमला (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनचं किट बसवलंय; ती सकाळी झटकन लागते आणि पेट्रोल भरायला थांबलात की नुसता स्टार्टर फिरतो, हे तुमच्याकडून ऐकून मला अजिबात नवल वाटलं नाही. धीर सोडू नका, ते किट फुकट गेलेलं नाही. तुमचं ४५५ घनइंची ओल्ड्समोबील इंजिन केबिनच्या झाकणाखाली कोंडलेलं असतं. बंद केल्यावर हवा थांबते, मग थ्रॉटल बॉडी (किटचा इंजिनावर बसणारा, हवा-पेट्रोल सोडणारा भाग) आणि नळ्यांतलं पेट्रोल तापत राहतं. अमेरिकेतल्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची वाफही लवकर होते.

पेट्रोल जास्त होतंय की कमी पडतंय, एवढंच आधी ठरवा:

- पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारा. बहुतेक किट तेव्हा इंजेक्टर बंद ठेवतात. लागली, तर पेट्रोल जास्त.
- नाहीतर चावी दोनदा ऑन-ऑफ करा, दर वेळी पंप थांबू द्या. आता लागली, तर लाइनमध्ये वाफ असावी किंवा दाब उतरतोय.

नवीन लोक इथेच चुकतात: गेज न लावताच सेटिंग बदलत बसतात. खरा दोष बऱ्याचदा एक्झॉस्टजवळ, टाकीपेक्षा उंच बसवलेल्या पंपाचा असतो. पंप टाकीत किंवा टाकीजवळ खाली, थंड जागी हवा.

ईसीयूची (किटच्या कंट्रोल कॉम्प्युटरची) पॉवर आणि अर्थिंगची वायर थेट बॅटरीवरून घ्या. तापलेला स्टार्टर व्होल्टेज खाली खेचतो.

क्रँकिंग टेबलांना (स्टार्टर फिरताना किती पेट्रोल द्यायचं, त्या सेटिंगना) सध्या हात लावू नका. पुढच्या थांब्यावर गाडी बंद करताना आणि १५ मिनिटांनी, दोन्ही वेळचा गेजवरचा दाब लिहून मला कळवा.