समुद्राजवळच्या घराला पडदे कसले घ्यावेत?

प्रश्न: आम्ही कॅनडात राहतो. इथे खिडकीखाली बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या पायाशी बसवलेला लांबट हीटर) असल्याने पडदे निवडताना बरंच डोकं खाजवावं लागलं. आता हर्णैजवळचं आईवडिलांचं घर दुरुस्त करून घेतलंय. समुद्र अडीचशे मीटरवर आणि पश्चिमेला तीन मोठ्या काचेच्या खिडक्या. दुपारी खोली तापते आणि पावसाळ्यात सगळं दमट होतं. इथूनच चांगले जाड, ब्लॅकआउट (उजेड पूर्ण अडवणारे) पडदे आणि स्टीलचे रॉड आणले तर चालतील का?

उत्तर:

आणू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश.

मी दापोलीत बावीस वर्षं पडदे शिवते. मुलीच्या बाळंतपणाला एक हिवाळा मॉन्ट्रियलला काढलाय, त्यामुळे तुमचा हीटर माझ्या ओळखीचा आहे. ओळख कशी झाली तेही ऐका. जाताना मुलीला भेट म्हणून दोन अस्तरी पडदे शिवून नेले होते, चांगले जमिनीपर्यंत लोळणारे. लांबी फोनवर विचारली होती. खिडकीखाली काय आहे ते विचारलं नव्हतं. लावले आणि दुसऱ्याच दिवशी खोलीत स्वेटर घालून बसायची वेळ आली. हीटर तर चालूच होता! त्याची गरम हवा पडदा आणि काच यांच्या मधून वर जात होती. खोलीला काही मिळत नव्हतं आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोली गार आहे म्हणून हीटर बंद होऊ देत नव्हता. पडद्याची खालची कड हाताला इतकी गरम लागली की जावयाने तेव्हाच स्टूल घेऊन पडदे काढले. बरं झालं. तिथे कापड हीटरला टेकलं की करपतं आणि आगही लागू शकते. हीटर फार तापला तर आतला कट-आउट तो बंद करतो, पण त्याच्या भरवशावर कापड टेकवून ठेवायचं नसतं.

नंतर ते पडदे मी कापून आखूड केले. हीटरच्या माथ्यापासून चांगलं वीतभर वर संपतील असे. हीटरबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात किती अंतर सोडायचं ते लिहिलेलं असतं, तो आकडा खरा मानायचा. चौकटीच्या आत बसणारी मधमाशीच्या पोळ्यासारखी कप्प्यांची शेड असते, ती तिथे सगळ्यात बरी. कापड हीटरच्या वाटेत येतच नाही.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण तिथे मला जे कळलं ते इथे रोज लागतं. पडदा हवेच्या वाटेत उभा राहतो. तिथे हवा खालून वर जाते. काचेजवळची गार हवा खाली उतरते, हीटर तिला तापवतो, ती वर चढते. आपल्याकडे हवा आडवी चालते. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले असतील. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. तुमच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून सकाळी दहा-अकरानंतर वारा आत येतो आणि रात्री त्याच खिडक्यांतून बाहेर जातो. तिथे जाड ब्लॅकआउट टांगला तर दोन्ही वेळा वाट बंद. आईवडील पंखा पाचवर ठेवून घाम पुसत बसतील.

ब्लॅकआउटची आणखी एक भानगड. त्याच्या पाठीला जो रबरासारखा लेप असतो तो आपल्या दमटपणात दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो. घडी घातली की घडीला घडी चिकटते आणि सोडवताना लेप सालपटासारखा निघतो. माझ्याकडे असे पडदे दुरुस्तीला येतात. मी परत पाठवते, त्याला दुरुस्ती नाही.

आता खोली तापण्याचं. इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकत होते. आतला पडदा उजेड अडवतो, ऊन नाही. ऊन काचेतून आत आलं की आलंच. मग ते पडद्याला तापवतं आणि पडदा खोलीला. फिक्या रंगाच्या पडद्याने थोडं परत जातं, बाकीचं आतच राहतं. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. छज्ज्याचा उपयोग दुपारी बारा-एकपर्यंत. चारनंतर सूर्य उतरून समोर येतो, आणि मे महिन्यात सात वाजेपर्यंत तो खिडकीत डोकावतच असतो. म्हणून आपल्या जुन्या घरांना पश्चिमेला पडवी असायची. तुमच्या दुरुस्तीत ती गेली असावी, असो.

तर बाहेरून चिक, म्हणजे काड्यांचा पडदा लावा. बांबूची दिसायला छान, पण बांबूला भुंगा लागतो. खाली पिठासारखी पूड पडायला लागली की समजायचं. प्रक्रिया केलेला बांबू मिळाला तर घ्या, नाहीतर प्लास्टिकच्या काड्यांची चिक घ्या. स्वस्तात करायचं असेल तर नर्सरीवाले लावतात ती शेडनेट. पन्नास, पंचाहत्तर, नव्वद टक्के अशा प्रकारांत मिळते. पश्चिमेला पंचाहत्तरची पुरते, वाराही येतो. नव्वदची लावली की दिवसा दिवे लावावे लागतात. चिक असो की जाळी, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाते. (पाहा, पुन्हा तुमचा हीटर आला.)

आणि जे बाहेर लावाल ते दहा मिनिटांत काढता आलं पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आपल्या तालुक्यात माड आणि पोफळी कशा आडव्या झाल्या ते तुमच्या आईवडिलांना विचारा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या बाजूने वर गेलं. पक्क्या फ्रेममध्ये ठोकलेली चिक वादळात शीड होते आणि जाताना चौकट घेऊन जाते. हुकाला दोरीने टांगलेली असावी, खालून दोन्ही कोपरे बांधलेले.

कोणी तुम्हाला वाळ्याचे पडदे सुचवेल. वास सुंदर, पण पाणी मारून गारवा मिळेल ही आशा सोडा. वाळ्याची ताटी नागपूरला चालते कारण तिथली उन्हाळ्याची हवा कोरडी, पाणी पटकन उडतं आणि उडताना गारवा देतं. आपल्या हवेत आधीच पाणी भरलेलं. ताटी नुसती ओली राहते आणि पंधरा दिवसांत कुबट येते. कूलर आपल्याकडे चालत नाही तेही याच कारणाने.

आतल्या पडद्याचं कापड. मला स्वतःला सुती आवडतं, हात लावला की कळतं. पण सूत हवेतलं पाणी धरून ठेवतं, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. बुरशीचे काळे ठिपके सुतावर आधी येतात आणि एकदा आले की जात नाहीत. पॉलिएस्टरवर येतात ते त्यावरच्या धुळीमुळे, धुतलं की बरेचसे निघतात. उन्हालाही ते बरं टिकतं. रेशीम तर पश्चिमेला लावूच नका, उन्हाने विरतं. म्हणून समुद्राजवळच्या घरांना मी सुतासारखं दिसणारं, विरळ विणीचं पॉलिएस्टर किंवा टेरीकॉट देते, फिक्या रंगात, बिनअस्तराचं. दापोलीत डोंगरावर समुद्रापासून सात-आठ किलोमीटरवर माझ्याच घरात सुती पडदे आहेत आणि ते टिकतात. तेच हर्णैला दिले तर वर्षात ओरड येते. अंतराने एवढा फरक पडतो.

धुण्याबद्दल एक सांगते, ते दुकानात कोणी सांगत नाही. खारा वारा पडद्यावर मीठ ठेवून जातो. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते? तसाच पडदाही पाझरतो. मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि कापड कधी पूर्ण वाळतच नाही. साबणापेक्षा गोड्या पाण्याची गरज जास्त. महिन्यातून एकदा नुसता विहिरीच्या पाण्यात खळबळून काढला तरी पुष्कळ. मात्र विहीर किनाऱ्याला लागून असेल आणि उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर त्या पाण्याने नको. आणि हे काम सत्तरीतल्या माणसांनी करायचंय हे लक्षात ठेवून पडदे हलके घ्या, दोघांना स्टुलावर चढावं लागणार नाही अशा उंचीला.

उंचीवरून आठवलं. जुन्या घरांत खिडकीला वर-खाली वेगळ्या झडपा असायच्या. खालची लावून घ्यायची, वरची उघडी. कोणाला आतलं दिसत नाही आणि वारा चालू. तुमच्या काचेच्या खिडक्यांना तेच काम अर्धा पडदा करतो. खालच्या अर्ध्याला पातळ पडदा, वरचा भाग मोकळा. शहरातल्या लोकांना हे हॉस्पिटलसारखं वाटतं. वाटू दे.

आता रॉड, ज्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गिऱ्हाईक कापडावर तास घालवतं आणि रॉड दोन मिनिटांत घेतं. पावडर कोटिंगचा लोखंडी रॉड हर्णैला दोन पावसाळे काढतो. आधी कोटिंगला फोड येतात, मग पडद्यावर गंजाचे तांबडे डाग. स्टेनलेस म्हणून जो मिळतो तो बऱ्याचदा २०२ नंबरचा असतो, तोही गंजतो. दुकानदार चुंबक लावून दाखवेल की बघा, चिकटत नाही. त्याला फसू नका, २०२ ला आणि ३०४ ला दोघांनाही चुंबक फारसं चिकटत नाही. ३०४ बरं, पण समुद्रासमोर त्यावरही चहासारखे डाग धरतात; ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेला टिकतं, पण पडद्याच्या दांडीला एवढा खर्च मला पटत नाही. अॅल्युमिनियमचा ट्रॅक आणि नायलॉनच्या चकत्या घ्या. अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, ती फडक्याने पुसता येते, कापडाला डाग लागत नाही. किंवा सरळ सागवानी दांडा, सुताराकडून रंधून घेतलेला, त्यावर कापडाचेच फासे. माझ्या हातची सगळ्यात जास्त टिकलेली कामं या दांड्यांवरची आहेत.

स्क्रू आणि आयलेटही (पडद्याच्या भोकांतल्या कड्या) बघा. रॉड चांगला आणि स्क्रू काळे, असं केलं की भिंतीवर गंजाचा ओघळ ठरलेला. स्क्रू पितळी किंवा ३०४ चे घ्या. आयलेट प्लास्टिकचे. तुमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं असणार. जांभ्यात प्लास्टिकचा प्लग धरत नाही, दगड सच्छिद्र, भोक मोठं होत जातं. लाकडी गुट्टी ठोकून घ्या किंवा वर सिमेंटचं लिंटल असेल तर त्यात भोक पाडा. माझं पहिलं मोठं काम असंच तिसऱ्या दिवशी पडद्यासकट खाली आलं होतं. शेवंतीच्या कुंडीवर. कुंडीचे पैसे मीच दिले.

पावसाळ्यात काय? जूनपासून गणपतीपर्यंत पश्चिमेच्या खिडकीवर कापड नकोच. नैऋत्येची झड आत येते म्हणून खिडकी बंद ठेवावी लागते, आणि बंद काचेमागे लटकलेल्या कापडाला वारा लागत नाही, ऊन तर नसतंच. तिथेच बुरशी धरते. जुनी माणसं मिरगाआधी भिंतींना माडाचे झाप बांधायची, तसं तुम्ही मिरगाआधी पडदे काढा. धुवा, कडक उन्हात वाळवा, पूर्ण निवू द्या (गरम घडी ट्रंकेत घातली की आत घाम धरतो) आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात उघडीप बघून परत लावा. सणाला स्वच्छ पडदेही होतात. त्या तीन महिन्यांत आडोसा हवाच असेल तर खालच्या अर्ध्याला पॉलिएस्टरची पातळ जाळी पुरे.

मापाचं थोडक्यात. खिडकीची रुंदी चार फूट असेल तर कापड दुप्पट धरा, म्हणजे ९६ इंच. ४८ इंची पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) दोन पट्ट्या झाल्या. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर काढा, म्हणजे पडदा बाजूला सारला की पूर्ण खिडकी मोकळी होते. लांबी चौकटीखाली चार-पाच इंच. जमिनीपर्यंत लोळवू नका. लादीला ओल येते, ती कापड शोषतं.

पूर्वेच्या खिडक्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रात्रीचा मतलई वारा तिथूनच आत येतो. तिथे नुसती डासांची जाळी ठेवा.

येणार कधी ते लिहिलं नाहीत. शिलाई इथे करून घ्यायची असेल तर माप मार्चमध्येच कोणाकडून तरी घ्यायला लावा. मे महिन्यात चाकरमानी आले की आमच्याकडे मशीनला हात लावायला फुरसत नसते, आणि सुतार तर फोनच उचलत नाही.