पहिल्यांदा पुरण घालतेयस ना?

अगं घाबरू नकोस, 1 वाटी हरभरा डाळीपासूनच सुरुवात कर, एकदम किलोभराचा घाट नको. डाळ बोटाने दाबली की मोडायला हवी, मग चाळणीत उपस, खालचं पाणी टाकू नकोस हं, त्याचीच कटाची आमटी. 1 वाटी चिरलेला गूळ घालून आटव आणि उलथनं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद, सैल राहिलं तर पोळी फुटतेच. कणीक मात्र सैलसर, तेल लावून 2 तास झाकून ठेव. जायफळ शेवटी, तो वास आला की मला अजून आजीचं स्वयंपाकघर आठवतं, पुरणयंत्र फिरवायला आम्हा भावंडांची भांडणं व्हायची 😊

आणि पहिल्या दोन गरम पोळ्या तूप घालून शेजारी नेऊन दे, फुटलेल्या असल्या तरी दे. मी नवीन बिल्डिंगमध्ये आले तेव्हा ओळख कुणाचीच नव्हती, होळीला समोरच्या कन्नड आजींना डबा दिला तर म्हणाल्या हे तर आमचं होळिगे, आणि पाडव्याला, म्हणजे त्यांच्या उगादीला, तोच डबा भरून परत आला. आता दरवर्षी आम्ही दोघी मिळूनच लाटतो.