ब्रिटनमधल्या वयतपासणीवर लोक एवढे का भडकले?

"मुलांना अश्लील साइटपासून लांब ठेवायला कोणाची ना असेल? मग ब्रिटनमधले लोक ऑनलाइन सुरक्षा कायद्यावर एवढे का चिडले?" असं तुम्ही विचारलंय. मी इंग्लंडमध्ये राहते, घरात चौदा वर्षांची लेक आहे, म्हणून जरा पोटतिडकीने लिहिते.

राग मुलांच्या संरक्षणावर नाहीच. वयतपासणी हवी का, असं विचारलं तर इथले बहुसंख्य लोक हो म्हणतात. मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली. स्वतःला इजा करून घेण्याबद्दलचा मजकूर तिच्या फोनवर येत राहिला आणि तिच्या मृत्यूला तोही कारणीभूत ठरला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये न्यायचौकशीत निघाला. तिचे वडील इयान रसेल अजून लढताहेत. कायदा हवाच होता.

लोक बिथरले ते २५ जुलै २०२५ नंतर, तपासणी प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. स्क्रीनवर येतं: सेल्फी काढा, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेऊ; नाहीतर पासपोर्ट किंवा लायसन्सचा फोटो द्या. आणि तो बहुतेक वेळा जातो कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीकडे, जिचं नावही आपण कधी ऐकलेलं नसतं. आपण आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त सिमकार्डसाठी' असं आडवं लिहून सही करतो ना? इथे तेवढीही सोय नाही.

ही भीती उगाच नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनेच सांगितलं की बाहेरच्या सेवाकंपनीकडून सुमारे ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. त्यातले बरेच लोकांनी वय सिद्ध करायलाच दिले होते. हे वाचल्यावर मला लोकांचा राग पूर्ण पटला.

दुसरं कारण म्हणजे कायदा न पाळणाऱ्या कंपन्यांना होणारा दंड: १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते. एवढी टांगती तलवार असल्यावर कंपन्या नको तेही कुलूपबंद करतात. रेडिट या चर्चेच्या साइटवर लैंगिक अत्याचार सोसलेल्यांच्या गटालाही ही अट लागली. ज्या पोरीला रात्री दोन वाजता कोणाशी तरी बोलायचंय, तिने आधी ओळखपत्र काढायचं?

मुलं मात्र वाट काढतात. व्हीपीएनची, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी ॲप्स पहिल्याच आठवड्यात डाउनलोडच्या यादीत वर गेली, काहींनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्याला दाखवून तपासणी पार केली. कायदा रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर पाच लाखांवर सह्या झाल्या. सरकारने नाही म्हटलं.

माझं मत विचाराल तर तपासणी असावी, पण कंपनीला फक्त 'अठरा पूर्ण, हो की नाही' एवढंच कळावं. युरोपीय संघ असं ॲप तयार करतोय. भारतातही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. नियमांत डिजिटल लॉकरच्या टोकनचा, म्हणजे ओळखपत्राऐवजी द्यायच्या डिजिटल खुणेचा पर्याय आहे. तिकडे असाल तर तोच आग्रहाने मागा, ओळखपत्राचा फोटो देऊ नका.