देव बोलतोय हे ओळखायचं कसं? माझ्या कोरड्या बोअरची गोष्ट

तुमचा प्रश्न असा, की रोज प्रार्थना करूनही पलीकडून काहीच ऐकू येत नाही. मग देवाचं ऐकायचं कसं आणि त्याच्यावर भरवसा टाकायचा कसा? मी काही पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. जालना जिल्ह्यातला मोसंबीवाला आहे. म्हणून आधी माझी फजितीच सांगतो.

2012 च्या दुष्काळात आमच्याकडं बागाच्या बागा वाळल्या. माझ्याही दोन एकरांनी माना टाकल्या. शेजाऱ्यानं पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानभर फिरला आणि नारळ उभा राहिला तिथं खूण केली. मी बांधावर उभा राहून हसत होतो. आपण प्रार्थनावाले! मी तीन दिवस उपास-प्रार्थना केली आणि तिसऱ्या रात्री मला 'आतून स्पष्ट' आलं: चिंचेखाली घे. बोअरची गाडी आली. 400 फुटांपर्यंत नुसती भुकटी उडत राहिली, ओलसुद्धा लागली नाही. चिंचेची पानं, माझे कपडे, बायकोनं आणलेला चहा, सगळं राखेसारखं झालं. (पाणी शेजाऱ्यालाही लागलं नाही, पण त्यानं निदान प्रभूचं नाव तरी मधे आणलं नव्हतं.)

महिनाभर उपासनेला गेलो नाही, रुसलो होतो. मग एक दिवस हिशेब करताना ध्यानात आलं: चिंच रस्त्याच्या कडेला, लाईटचा खांब तिथून हाकेवर. बोअर तिथंच व्हावा, वायरचा खर्च वाचावा, हे माझ्या मनात पावसाळ्यापासून होतं. देवाकडं मी फक्त सही घ्यायला गेलो होतो.

बायबलमधल्या शमुवेलाची गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये चित्रांसकट शिकलो होतो. रात्री देव हाक मारतो आणि पोरगं तीनदा म्हाताऱ्या याजकाकडं, एलीकडं पळत जातं, 'मला बोलावलंत?' म्हणून. एलीलाही तिसऱ्या वेळी उमगतं, मग तो सांगतो, आता हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. बोअरनंतर तो अध्याय पुन्हा वाचला तेव्हा दोन गोष्टी नव्यानं दिसल्या. पोरगं तीनदा चुकलं, तरी हाक येतच राहिली. आणि जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराण्यावरच्या शिक्षेचा होता. सकाळी तो सांगायला शमुवेल भीत होता. म्हणजे त्याच्या सोयीचं त्यात काही नव्हतं.

आजीला हे बोललो. तिचं माहेर बेथेल, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं. ती म्हणाली, "तू मागतूस अन् उठतूस. आमेन म्हणलं की लगेच चपला. बस की जरा." एवढंच.

म्हणून बसायला लागलो. पहाटे ओट्यावर, फोन घरात ठेवून. बायबलमधलं एक स्तोत्र हळू वाचायचं, एखादी ओळ अडली तर तिथंच थांबायचं, मग गप्प. पहिले आठ दिवस डोक्यात नुसता बाजार: टँकर, सोसायटीचं कर्ज, कुणाचं देणं. आणि या सगळ्यात चुलतभाऊ. बांधावरून सहा वर्षं बोलचाल नव्हती. मी त्याला हाकलायचो, म्हणायचो प्रार्थनेत हा कशाला? पण तो रोज येऊन बसायचा. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात आहे ना, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर दान वेदीपुढं ठेव, आधी जाऊन समेट कर. ते वाचून गेलो एका संध्याकाळी. बांध त्यानं सोडला नाही. चहा मात्र दिला.

ते देवाचं बोलणं होतं का? मी तसंच धरतो. कानात आवाज नव्हता, पण शास्त्राशी जुळत होतं, आजीला पटलं होतं, आणि माझ्या फायद्याचं तर मुळीच नव्हतं. नको वाटणारी प्रत्येक गोष्ट देवाचीच, असंही नाही. काही नुसती भीती असते. घाई करणारा आवाज आला तर मी हल्ली एक आठवडा थांबतो. 'देवानं मला सांगितलं की तू अमुक कर' म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावतो. आणि आजारात गोळ्या बंद करायला सांगणारा असेल तर चहाही नाही.

भरवशाचं म्हणाल तर, मागितलेलं मिळालं म्हणून तो आला नाही. क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं तीनदा तेच मागितलं, हा दुःखाचा प्याला टळू दे; तो टळला नाही. स्तोत्र 13 मध्ये पहिल्या दोन वचनांतच चार वेळा 'कोठवर' आहे. ते पवित्र शास्त्रात ठेवलंय म्हटल्यावर आपणही भांडू शकतो, हे मला त्या वर्षी कळलं. तुम्हाला काहीच ऐकू येत नसेल तर तेच देवाला सांगा, गोड शब्द लावू नका.

2013 च्या उन्हाळ्यात बाग तोडली. त्या पहाटेही ओट्यावर बसलो होतो. मागायला काही उरलं नव्हतं, म्हणून तेच स्तोत्र मोठ्यानं दोनदा वाचलं. आजी आतून शेवटच्या वचनात सूर मिसळत होती. मग कुऱ्हाड घेतली आणि रानात गेलो.