अणुभट्टी, हळद आणि आमच्या घरचा मिक्सर

वयानं मोठा आहे, शिवाय आयुष्य कॉलेजात पोरं शिकवण्यात गेलं, म्हणून सरळ 'तू' म्हणतो. तुझा प्रश्न दोनदा वाचला. एम.एस्सी. फिजिक्सचं दुसरं वर्ष, तासगावचं घर, युरोपातल्या एका विद्यापीठाच्या अणुभट्टीवर आठ आठवडे जायची संधी, आणि घरात दोन तट. वडील म्हणतात किरणांच्या जागी पोरीनं जायचंच कशाला. तुला वेगळी काळजी आहे: तिथं पाहुण्या विद्यार्थ्याला नुसतं फिरवून दाखवतात की हाताला काही काम मिळतं? आणि हे सगळं भारतातच का होऊ नये, हा जाता जाता टाकलेला तिसरा प्रश्न.

मी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाच्या अ‍ॅटोमइन्स्टिट्यूटमध्ये असेच दोन महिने काढलेत. सांगलीहून, पहिल्यांदाच देशाबाहेर, पोटात गोळा घेऊन. त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

आधी वडिलांचं. विद्यापीठातली भट्टी म्हणजे तारापूर नव्हे. व्हिएन्नाची भट्टी ट्रिगा जातीची, २५० किलोवॉटची, मार्च १९६२ पासून चालू. जपानच्या किंदाई विद्यापीठाची तर १ वॉटची आहे, आपला मोबाईलचा चार्जर त्याहून जास्त ओढतो. प्रागच्या विद्यापीठातल्या भट्टीचं नावच 'व्राबेत्स', म्हणजे चिमणी. यांतून वीज काढत नाहीत. न्यूट्रॉन मिळवायचे आणि पोरं शिकवायची, एवढ्यासाठी त्या आहेत. गंमत म्हणजे ऑस्ट्रियानं १९७८ च्या नोव्हेंबरात जनमत घेऊन त्स्वेंटेनडॉर्फचा बांधून तयार झालेला अणुवीज प्रकल्प सुरूच होऊ दिला नाही. नकाराच्या बाजूनं जेमतेम साडेपन्नास टक्के मतं. आणि त्याच देशाच्या राजधानीत, प्राटरच्या बागेला लागून, विद्यापीठाची भट्टी बिनबोभाट चालू आहे.

आकडे हवे असतील तर सांग त्यांना: जमीन, आकाश, खाणं, श्वासातला रेडॉन वायू हे सगळं धरून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं माप) मिळतातच. किरणांत काम करणाऱ्यांसाठी मर्यादा वर्षाला सरासरी २० ची. दोन महिन्यांत माझ्या छातीवरच्या, किरणं मोजणाऱ्या बॅजवर नोंद करण्याजोगं काही आलं नाही. मुंबई ते युरोप जाऊन-येऊन विमानात जे मिळालं, ते बहुधा त्याहून जास्त असेल.

भीती मात्र मलाही वाटली, आणि चुकीच्या वेळी वाटली. बाहेर पडताना हात-पाय तपासायचं एक यंत्र असतं. त्यावर उभं राहायचं, दोन्ही पंजे आत घालायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी ते माझ्यावर कोकललं. पाय गळाले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी हातातला मोजणी-यंत्राचा दांडा माझ्या अंगावरून फिरवला. तो गुडघ्यापाशी वाजला आणि त्या हसायला लागल्या. सांगलीच्या मेन रोडवरून घेतलेली माझी पॉलिएस्टरची पँट! हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तिच्यावर स्थितिक वीज साठते, आणि हवेतल्या रेडॉनपासून झालेले कण तिला येऊन चिकटतात. भट्टीचा संबंधच नाही. "अर्धा तास बसा, चहा घ्या," म्हणाल्या. बसलो. यंत्र गप्प झालं. दुसऱ्या दिवसापासून सुती पँट.

खरा धोका कुठं असतो ते सांगतो, कारण वडिलांची भीती अगदीच निराधार नाही, फक्त तिचा पत्ता चुकलाय. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वापराविना पडलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं. त्यातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगार बाजारात कापला गेला. एक माणूस दगावला, बाकीचे दवाखान्यात. चालू भट्टीवर नियम, वह्या, अलार्म, दहा जणांचे डोळे असतात. कपाटात विसरलेल्या स्रोतावर कुणाचेच नसतात. आपापल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले स्रोत नोंदवहीप्रमाणे जागेवर आहेत का, हे आधी बघा म्हणावं. (हे विद्यार्थ्यांसाठी नाही, इथं वाचणाऱ्या माझ्या समव्यवसायी मंडळींसाठी.)

आता हाताला काम मिळतं का. मिळतं, आणि नियंत्रण कक्षातही बसवतात. परवानाधारक ऑपरेटर मागं उभा, तू बटणापाशी. पहिला प्रयोग बहुतेक ठिकाणी एकच असतो: भट्टी क्रिटिकल करणं, म्हणजे अणू फुटण्याची साखळी आपली आपण चालू राहील इथपर्यंत आणणं. न्यूट्रॉन शोषणारी नियंत्रक कांडी थोडी वर घ्यायची, थांबायचं, न्यूट्रॉनचे काउंट घ्यायचे. पुन्हा थोडी वर, पुन्हा थांबायचं. काउंटचा व्यस्त काढून कागदावर बिंदू मांडत जायचं. रेषा शून्याकडे झुकत जाते आणि अक्षाला कुठं टेकणार, म्हणजे भट्टी कुठं क्रिटिकल होणार, ते आधीच कळतं. दोन-अडीच तास हेच. माझ्याबरोबरचा एक पोरगा दुसऱ्या तासाला पेंगला. मला स्वतःला ते दोन तास भट्टीच्या पाण्यातल्या त्या प्रसिद्ध निळ्या उजेडापेक्षा जास्त आवडले.

विलंबित न्यूट्रॉन आपण पाठ करतो, ते तिथं हाताला कळतात. विखंडनातले बहुतेक न्यूट्रॉन तत्काळ बाहेर पडतात, हजारात जेमतेम सहा-सात मागं राहून काही सेकंदांनी येतात. वरातीचा वेग जसा पुढं नाचणाऱ्या पोरांवर नाही, मागं रेंगाळणाऱ्या मावश्या-आत्यांवर ठरतो, तसा भट्टीचा वेग या सहा-सात जणांवर ठरतो. ते नसते तर माणसाच्या हाताला भट्टी आवरलीच नसती.

ट्रिगाचा पल्सही दाखवतील. एक कांडी हवेच्या दाबानं झटक्यात बाहेर फेकतात, 'धप्' असा आवाज होतो आणि पाण्याच्या तळाशी निळा लखलखाट. २५० किलोवॉटची भट्टी क्षणभर २५० मेगावॉटवर जाते, हजारपट, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत आपली आपण खाली येते. कुणी बंद करत नाही. इंधनातच युरेनियमबरोबर झर्कोनियम हायड्राइड मिसळलेलं असतं. ते तापलं की त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनना मंद करायचं सोडून उलट वेग द्यायला लागतो, आणि साखळी ढिली पडते. हे वडिलांना नीट समजावून सांगता आलं तर निम्मं काम होईल. फोटो काढ, सगळेच काढतात.

पण हे झालं पहिल्या दोन आठवड्यांचं. पुढचे सहा आठवडे काय, हे तू सोबत काय नेतेस त्यावर आहे. 'मला शिकायचंय' असं म्हणत येणाऱ्याला सगळे प्रेमानं फिरवतात, कॉफी पाजतात आणि आपापल्या कामाला लागतात. 'मला हे मोजायचंय' म्हणणाऱ्याला यंत्रावर वेळ मिळतो. तुझ्या पत्रात प्रकल्पाच्या रकान्यात 'तिथं गेल्यावर ठरवेन' आहे, ते आजच बदल.

मी हळद नेली होती. सांगलीचा माणूस दुसरं काय नेणार! हळदीला पिवळेपणा यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट (शिसं आणि क्रोमियम असलेलं पिवळं रसायन) चोळतात, हे वाचलं होतं. म्हटलं, न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीनं शिसं पकडू. नमुना भट्टीत ठेवायचा, त्यातली मूलद्रव्यं किरणोत्सारी होतात, मग जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर ठेवून कोणत्या ऊर्जेचे गॅमा येतात ते बघायचं. पहिल्याच बैठकीत त्या तंत्रज्ञ बाईंनी माझी हवा काढली: या पद्धतीत शिसं जवळजवळ बोलतच नाही. मी तेरा तासांचा प्रवास करून चुकीच्या दारात उभा होतो. मग त्याच म्हणाल्या, "क्रोमेट आहे ना, मग क्रोमियम बोलेल."

क्रोमियम-५१ ची ३२० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा. पण भट्टीतून काढल्या काढल्या ती दिसत नाही. हळदीत पोटॅशियम भरपूर, जोडीला सोडियम, मँगनीज. मँगनीज-५६ चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) अडीच तास, पोटॅशियम-४२ चं बारा, सोडियम-२४ चं पंधरा. पहिले काही दिवस यांचाच एवढा गलका असतो की बाकी काही ऐकू येत नाही. क्रोमियम-५१ चं अर्धायुष्य पावणेअठ्ठावीस दिवसांचं, म्हणून कुप्या शिशाच्या विटांमागं ठेवून द्यायच्या आणि बाकीचे दमेपर्यंत वाट बघायची. आपल्या हरिपूरला हळद पेवात ठेवून भावाची वाट बघायचे, तसं. घाई करणाऱ्याचा तोटा.

तीन आठवड्यांनी मोजलं. बाराच्या बारा कुप्यांत क्रोमियमचं शिखर! मी हवेत. रात्री मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं. सकाळी आलेख दाखवला तर बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, "दळलं कशात?"

घरी. मिक्सरमध्ये. स्टीलचं भांडं, स्टीलचं पातं.

स्टेनलेस स्टीलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. हळकुंड म्हणजे दगड. पातं झिजून जे काही पावडरीत उतरलं, तेच मी तीन आठवडे जपून ठेवून मोजलं होतं. दोन कुप्यांत सोडियमही वाजवीपेक्षा जास्त होतं, ते माझ्या घामेजल्या बोटांचं. हातमोजे न घालता झाकणं लावली होती.

त्या दिवशी मी खोलीवर जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी बॅग उपसताना तळाशी कागदात गुंडाळलेली पाच अख्खी हळकुंडं सापडली. परदेशात खोकला झाला तर उगाळून घे म्हणून आईनं न सांगता टाकलेली. आमच्या मळ्यातली, घरी शिजवून वाळवलेली, व्यापाऱ्याचा हात न लागलेली. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोडली, आतला भाग अ‍ॅगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात कुटला, हातमोजे घालून कुप्या भरल्या. पुन्हा भट्टी, पुन्हा विटा, पुन्हा वाट. माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी झाली. ३२० च्या जागी शिखर नाही, नुसता उंचवटा, तोही शोधावा लागणारा.

म्हणजे दोन महिन्यांचं फलित काय, तर आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं पातं झिजतंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ते मी कधीचंच सांगतेय, नवीन घ्या. भेसळीचा निकाल लागलाच नाही, कारण ज्या हळदीवर बोट ठेवायचं होतं ती मीच बिघडवून ठेवली होती. तरी त्या पाच हळकुंडांचा आलेख अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. परत आल्यावर विभागातल्या वरिष्ठांनी "पेपर किती झाले?" एवढंच विचारलं. शून्य म्हटल्यावर पुढच्या वेळी रजा मंजूर झाली नाही. तुला अशी माणसं भेटतील, तयारी ठेव.

भारताचं. आपल्या एकाही विद्यापीठाची स्वतःची भट्टी नाही. तुर्भ्याला अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली, तिची नवी आवृत्ती २०१८ पासून आहे, आणि मोठी ध्रुव १९८५ पासून. पण ती सगळी भाभा अणुसंशोधन केंद्राची. ध्रुववरच्या न्यूट्रॉन शलाका विद्यापीठातल्या लोकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची संस्था) मुंबई केंद्रामार्फत वापरता येतात. तुझ्या मार्गदर्शकांनी पाठपुरावा केला तर ते अशक्य नाही. भट्टी नको, त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) चालेल असं असेल तर दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र खास विद्यापीठांसाठीच आहे, तिथल्या पेलेट्रॉन नावाच्या त्वरकावर प्रस्ताव पाठवून बीम टाइम, म्हणजे कणांच्या झोतावर वेळ, मागायचा. रात्रपाळीत बीम मिळाला की कुरकुरू नकोस, रात्रीच कामं नीट होतात. पण कांडी वर घेऊन भट्टी क्रिटिकल करण्याचा अनुभव विद्यार्थी म्हणून तुला इथं मिळणार नाही, त्यासाठी बाहेरच जावं लागेल. पुढं अणुविषयातच पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी शिष्यवृत्ती बघ, २०२० पासून फक्त मुलींसाठी आहे.

तर जा. सुती कपडे ने. सोन्याच्या पातळ चकत्या भट्टीत ठेवून न्यूट्रॉन मोजायचा प्रयोग करायला लावतील, त्याची उजळणी करून जा. सोनं-१९८ चं अर्धायुष्य २.७ दिवस आणि ४१२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा विचारतातच. नमुने नेण्याआधी तिथल्या लोकांना ईमेल करून दळण, वाळवण, कुपी सगळं विचारून घे, आणि कस्टमला दाखवायला त्यांचं पत्र बॅगेत वर ठेव. माझ्या पिवळ्या पुड्यांवर मुंबईच्या विमानतळावर पाऊण तास गेला होता.

आणि मिक्सर वापरू नकोस. अ‍ॅगेटचा खल महाग पडतो, माझ्याकडे एक आहे. सांगलीत विश्रामबागेत कधीही ये आणि घेऊन जा. परत मात्र आणून दे, मागच्या वेळी ज्यानं नेला त्याच्या मागं वर्षभर फिरलोय.