खांदा बरा झाला, मग हात का धजत नाही?

"डॉक्टर म्हणतात, खांदा बरा आहे. फिजिओ म्हणतात, ताकद परत आली. मग बार डोक्यावर न्यायची वेळ आली की मी का थिजते? मी भित्री झाले का, मॅडम?"

माणसं बदलतात, शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण खांद्याच्या दुखापतीतून उठलेल्या वेटलिफ्टरांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकला आहे, की समोरचा खुर्चीत बसताना एक हात कसा अंगाशी धरून बसतो यावरूनच तो मला आधी ऐकू येतो. म्हणून आज एका मुलीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २३. स्नॅचमधली, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायच्या प्रकारातली, तिची सर्वोत्तम उचल ७६ किलोची. सरावात ७० किलोचा बार डोक्यावरून मागे झुकला, तिने तो वाचवायचा प्रयत्न केला आणि खांद्यात कळ गेली. रोटेटर कफ या खांद्यातल्या स्नायूंच्या एका टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, अर्धवट फाट होती. शस्त्रक्रिया लागली नाही. आठ महिने तिने इमानेइतबारे व्यायाम केले. दोन्ही हातांची ताकद सारखी झाली, हात पूर्ण वर जाऊ लागला. फिजिओंनी हळूहळू वजन वाढवायला सांगितलं आणि तिथेच गाडी अडली.

"नेमकं कुठे अडतं?" मी विचारलं.

"चाळीसपर्यंत काही नाही. पंचेचाळीस लावले की पुल, म्हणजे बार वर ओढणं, अर्ध्यात सुटतो. बारखाली जायलाच होत नाही."

"तेव्हा खांदा दुखतो?"

ती जरा थांबली. "दुखेल असं वाटतं."

'दुखतं' आणि 'दुखेल'. फरक फक्त काळाचा आहे, पण माझं निम्मं काम या फरकात असतं. मी तिला एक वही करायला सांगितली. प्रत्येक सेटनंतर दोनपैकी एकच शब्द लिहायचा. दोन आठवड्यांनी वही आली, त्यात 'दुखतं' तीन वेळा होतं आणि 'दुखेल' एकतीस वेळा.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळं मनाचंच होतं. तसं मी कधीच म्हणत नाही आणि तुम्हीही कुठल्या खेळाडूला म्हणू नका. शरीरातल्या सगळ्या सांध्यांत खांदा सर्वांत मोकळा फिरतो, आणि त्या मोकळेपणाची किंमतही तोच मोजतो. त्याची खोबण उथळ असते, हाडाचा गोळा तिच्यापेक्षा बराच मोठा. तो गोळा जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात, त्यांनाच रोटेटर कफ म्हणतात. या स्नायूंच्या टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते भरून यायला महिने लागतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत जातात आणि डोक्यावर जड वजन न्यायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. इतके दिवस ज्या सांध्याला आपण 'जपून, जपून' म्हणत आलो, तो एका सकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास कसा ठेवेल? भीती ही त्या जपण्याचीच उरलेली सवय असते. तिची लाज वाटायचं कारण नाही.

पुढच्या भेटींत तिची वाक्यं मी कागदावर उतरवून घेत होते. "मला शहात्तर परत आलंच पाहिजे." "सहा महिन्यांत मी पूर्वीसारखी झालेच पाहिजे." माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची आहे, त्यामुळे या 'च'शी माझी जुनी ओळख. इच्छा माणसाला पुढे नेते. तिला 'च' लागला की तीच इच्छा अट होते, आणि अट पुरी न झाल्याची शिक्षा माणूस स्वतःला देत राहतो. ती मान हलवायची, तिला पटायचंही. बार मात्र पंचेचाळीसवरच अडलेला.

एकदा ती म्हणाली, "स्पर्धेत बारवरचं वजन कधी उतरत नाही, मॅडम. एक तर तेवढंच राहतं, नाहीतर वाढतं. आम्हाला खाली यायची सवयच नसते." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. सहाव्या भेटीला मी तिला म्हटलं, "त्या दिवशीची ती उचल मला सावकाश सांग. मी स्नॅच कधी मारलेला नाही असं धरून."

तिने सांगितलं. हाताला खडू लावला. पुल चांगला बसला. बारखाली गेली. बार जरा मागे गेला. खांदा मागे ओढला गेला. ती तशीच उठायला गेली.

"बार मागे गेला तर काय करायचं असतं?"

"हात सोडायचे आणि पुढे उडी मारायची. सुरुवातीलाच शिकवतात."

"मग तू का नाही सोडलास?"

ती बराच वेळ गप्प होती. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने काहीतरी समजूतदार बोलायचा मोह आवरावा, हे मी फार उशिरा शिकले.

"सत्तर होते, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "सत्तर मी सोडत नाही."

आणि मला तो 'च' दिसला. इतके दिवस मी तो तिच्या वाक्यांत शोधत होते, तो तिच्या मुठीत होता.

मी म्हटलं, "तुझा हात वजनाला घाबरतो असं आपण समजत होतो. मला वाटतं तो तुला घाबरतो. त्याला ठाऊक आहे, बार चुकला तरी तू त्याला सोडू देणार नाहीस. मग तो वरच जात नाही."

ती रडली, बऱ्याच वेळाने हसली. जाताना तिने विचारलं, "मग आता सोडायचा सराव करू?" हे तिचं तिलाच सुचलं याचा मला आजही आनंद आहे. उत्तर माझ्या ग्रंथांत नव्हतं, तिच्या खेळाच्या पहिल्या धड्यात होतं.

तिचे सर आणि फिजिओ, दोघांशी बोलूनच पुढचं ठरलं. महिलांचा १५ किलोचा बार, त्याला दोन्ही बाजूंनी ५ किलोच्या रबरी प्लेट. प्लॅटफॉर्म रिकामा, मागे माणूस नाही की सुटी प्लेट नाही. बार डोक्यावर, खाली बैठक, आणि तिथून मुद्दाम मागे सोडून पुढे उडी. पहिल्या दिवशी तिची मूठ तिसऱ्या खेपेला उघडली. दोन आठवडे रोज दहा वेळा हेच. मग ३० किलो, ३५, ४०. पाचव्या आठवड्यात ४५ चा स्नॅच लागला, त्याच दिवशी ४८ चा मागे गेला आणि तिने सोडला. तिने मला फोन केला तो अठ्ठेचाळीस सोडल्याचं सांगायला.

याच्या उलट दिसणारे खेळाडूही माझ्याकडे येतात. त्यांना भीती वाटत नाही, घाई असते. वेदनाशामक गोळी घेऊन तिसऱ्या महिन्यात जुना आकडा लावतात आणि पुन्हा घरी बसतात. वरवर पाहिलं तर एक भित्रा, दुसरा धाडसी. मला दोघांची मूठ सारखीच दिसते. एकाला जुना आकडा सोडवत नाही म्हणून तो बारखाली जात नाही, दुसऱ्याला तोच सोडवत नाही म्हणून तो नको तेव्हा जातो.

तुम्ही यातून जात असाल तर ती 'दुखतं–दुखेल' वही आजच सुरू करा. व्यायामाच्या वेळी जाणवलेलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शमलेलं हलकं दुखणं बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं, तरी मर्यादा तुमच्या फिजिओंकडूनच ठरवून घ्या. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, अचानक गेलेली ताकद, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, सांधा निसटल्यासारखं वाटणं यांपैकी काही असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तिथे समुपदेशनाचं काम नाही. एमआरआयच्या अहवालातले शब्द रात्री पुन्हा पुन्हा वाचत बसू नका. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या खांद्यातही अशा फाटी सापडतात आणि वयाबरोबर त्या वाढत जातात. कागदावरची फाट म्हणजे तुमची क्षमता नव्हे.

जुन्या उच्चांकाची नोंद पुसू नका, फक्त तिच्याशेजारी 'दुखापतीनंतरचा उच्चांक' असं नवं पान उघडा. तिच्या नव्या पानावरची पहिली नोंद होती २५ किलो. आणि खांदा बंद असला तरी सरावाला जात राहा. पायांचा, कमरेचा व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीने चालतो; नसेल तर इतरांच्या बारला प्लेट लावा, त्यांच्या उचली मोजा. घरी एकट्याने काढलेल्या महिन्यांत भीती जेवढी पोसते तेवढी सरावाच्या जागी पोसत नाही.

प्रशिक्षकांपासून भीती लपवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. तिने सात आठवडे सरांना 'खांदा जड वाटतोय' एवढंच सांगितलं होतं. खरं कळल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं, तुझं मन उडालं."

परवा तिचा निरोप आला. दुखापतीनंतरच्या पहिल्या स्पर्धेत तिने स्नॅचला ५८ आणि ६१ उचलले, ६४ मागे गेला, सोडला. खांदा ठीक आहे. सरांनी आता नव्या मुलांच्या सरावात आठवड्यातून एकदा बार सोडायचा तास ठेवला आहे आणि तो तिच्याकडे दिला आहे.